फादर या शब्दापाशी

गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तू बरी असशील. बाबा आणि मी ठीक आहोत. स्वयंपाकघरातला नळ मी बदलला, आता गळत नाही. गोदामात माझं काम तेच आहे, औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तपासायची. गेल्या महिन्यात माझ्या हातून एकही चुकीचं खोकं गेलं नाही, म्हणून साहेबांनी सर्वांसमोर नाव घेतलं. त्यांच्याच सांगण्यावरून मी शनिवारी दुपारी इंग्रजीच्या वर्गाला जातो, हे तुला मागे कळवलं होतं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. राग नाही, नुसतं लिहितो आहे.

त्या वर्गाबद्दलच लिहायचं आहे.

आम्ही चौदा जण आहोत. मी नववीतून सुटलेला, बाकीचे निदान दहावी तरी. बाई चांगल्या आहेत, चूक झाली की लाल पेनाने गोल करतात पण हसत नाहीत. माझ्या वहीत गोल कमी असतात, कारण प्रत्येक शब्द मी डिक्शनरीत दोनदा बघतो. दर आठवड्याला एक पान मनातलं लिहून न्यायचं असतं. मागच्या वेळी विषय होता घर आणि साहित्य. तुमच्या घरात कोणती कविता, कोणती गोष्ट म्हटली जायची? शब्दांचे कोणते खेळ चालायचे?

मी तीन दिवस कोरं पान घेऊन बसलो. आपल्या घरात पुस्तक म्हणजे गॅसचं आणि रेशनचं. मग एकदम आठवलं की आपल्याकडे एक कविता होती, आणि तीही इंग्रजी! तू केलेली. बाबा डोळे तपासायला जायच्या आधी तू त्यांच्याकडून म्हणून घ्यायचीस ती. टी ओ झेड, ताट ओढ झटकन. एल पी ई डी, लवकर पळ इकडे डास. पी ई सी एफ डी, पाय इथे सरकव फरशी धुतली. डेपोच्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा अख्खा तक्ता तू असा बसवला होतास, आणि बाबा मोजे घालता घालता घडाघडा म्हणायचे. आपण किती हसायचो.

ते सगळं मी लिहिलं. पान भरलं. एकही स्पेलिंग चुकलं नाही.

बाईंना इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. ‘माय फादर ड्राइव्ह्ज अ बस’ इथे सुरुवात होते. सगळे हसत होते. अर्ध्यावर माझे कान तापले. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय लिहून बसलोय. बाबांना तक्ता दिसत नाही, ते तो पाठ म्हणतात, आणि ते बस चालवतात. तीन वाक्यं, शुद्ध इंग्रजीत.

पहिल्या बाकावर एक जण बसतो, आम्ही त्याला पासवाला म्हणतो. तो डेपोत खिडकीवर मासिक पास करून देतो. सर्वांत मोठ्याने तोच हसत होता, आणि सर्वांत आधी तोच हसायचा थांबला. वर्ग सुटल्यावर चपला घालताना मला म्हणाला, “मस्त लिहिलंस रे. तुझे वडील कुठल्या रूटवर असतात?”

मी म्हटलं, “बदलत असतो.”

“असं होय,” म्हणाला. आणि गेला.

तेव्हापासून दारावर कोणी टकटक केली की मी आधी खिडकीतून बघतो. बाई म्हणाल्या, हे वार्षिक अंकात छापू या. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘थँक यू’ म्हणालो. सोमवारी बाबांची तपासणी आहे. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काल त्यांनी स्वतःहून विचारलं, “चौथी ओळ डासाची का फरशीची?” मी सांगितलं, डासाची.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, मी आता हे म्हणून घेणार नाही, कोणीतरी मरेल. बाबा म्हणाले, मग या घरात राहूही नकोस. तू बॅग भरलीस तेव्हा मी मधल्या खोलीत लेबलांची वही चाळत उभा होतो. एक शब्द बोललो नाही. यंदा त्यांच्याकडून मीच म्हणून घेतोय.

आणखी एक लिहायचं राहिलं. रोज सकाळी मी त्यांच्याच पहिल्या फेरीला बसतो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. आमचं ठरलेलं आहे, ठरवलं मात्र कोणी नाही. एकदा खोकलो की सिग्नल लाल. दोनदा खोकलो की कोणीतरी आडवं येतंय. एका आजींनी मला परवा खोकल्याच्या गोळ्यांची पुडी दिली. म्हणाल्या, “बाळा, छाती दाखव कोणाला तरी, या वयात बरं नव्हे.” मी गोळ्या घेतल्या. बाबांचे खांदे हसताना हलले.

पण गोदामाच्या स्टॉपवर मी उतरतो, ताई. त्यानंतर त्यांच्या सात फेऱ्या असतात. बस वळणाआड जाईपर्यंत मी फुटपाथवर उभा असतो. दिवसभर बाहेर कुठे कर्कश ब्रेक ऐकू आला की माझ्या हातातलं लेबल दोनदा वाचूनही कळत नाही.

मागच्या आठवड्यात मंगळवारी शाळेपाशी एक सायकलवाला समोर आला. खोकायला वेळच नव्हता. मी ओरडलो, “बाबा!” सगळ्या बसने ऐकलं. सायकलवाल्याचं मागचं चाक वाकलं, तो उठला, शिव्या देत गेला. बाबांनी गाडी पुढे काढली. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “गाडीत मला बाबा म्हणायचं नाही.” बास, एवढंच.

त्यानंतर दोन दिवसांनी मी ते पान लिहिलं. मी चुकून लिहिलं, असं गेले पाच दिवस मी स्वतःला सांगतो आहे. तुला खरं सांगतो. फादर या शब्दापाशी पेन थांबलं होतं. तिथे अंकल लिहिता आलं असतं. दोन्हींची स्पेलिंगं मला येतात.

हे पत्र आज टाकवत नाही. सोमवारपर्यंत ठेवतो.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काल दुपारी बाबा खिडकीत बसून बुटांना पॉलिश करत होते. मी वही घेऊन समोर बसलो आणि म्हणालो, “मी वर्गात तुमच्याबद्दल लिहिलंय.”

“चांगलं का वाईट?”

“खरं.”

त्यांचा ब्रश थांबला. “वाच.”

“मराठीत सांगतो.”

“लिहिलंयस तसं वाच.”

मी वाचलं. सोप्या शब्दांवरही मी अडखळत होतो. त्यांना मधलं काही कळत नव्हतं, पण तक्त्याच्या ओळी आल्या तसे त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले.

“हे कोणाकोणाला माहीत आहे?”

“वर्गाला. बाईंना. आणि डेपोत पास करतो त्याला.”

मला वाटलं आता ब्रश अंगावर येणार. मी मागे सरलोही. त्यांनी बूट जमिनीवर ठेवला, जिथे ठेवायचा होता त्याच्या वीतभर अलीकडे.

“तुला काय वाटतं, तू एकटाच घाबरतोस?” ते म्हणाले. “तू उतरलास ना, की त्या स्टॉपपासून मी मनात देवाचं नाव घेत असतो. गाडी लावेपर्यंत. रोज.”

“मग सांगितलं का नाही?”

“कोणाला? सांगून करू काय मी? बत्तीस वर्षं दुसरं काही केलंय?” मग थोड्या वेळाने, “ताईचं बरोबर होतं, असलं काही तिला लिहू नकोस.”

आता लिहिलं.

आज मला येऊ नको म्हणाले होते. मी साहेबांकडून अर्धा दिवस मागून आलो. डेपोच्या दवाखान्याबाहेर लाकडी बाक आहे, त्यावर बसलो. खाली पासच्या खिडकीत पासवाला होता. मला बघून त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारत राहिला. त्याने कोणाला सांगितलंय की नाही, मला अजून कळलेलं नाही.

दवाखान्याचं दार नीट लागत नाही, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, “एक डोळा झाका, वरून सुरुवात करा.” बाबा काय करतील हे मला खरोखर माहीत नव्हतं, आणि काय करावं असं मला वाटत होतं तेही त्या वेळी सांगता आलं नसतं.

बाबा म्हणाले, “साहेब, मला हे सगळं पाठ आहे. हवं तर दोनदा म्हणून दाखवतो. दिसत मात्र यातलं काही नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, “केव्हापासून?” त्यापुढचं मी ऐकलं नाही. मी जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मोठ्या हॉस्पिटलला दाखवायची चिठ्ठी होती. आजपासून गाडी नाही. ऑपरेशनने थोडं परत येईल म्हणतात, किती ते डॉक्टरही सांगत नाहीत. डेपोत बसून करायचं काम मिळेल का, की आधीच्या तपासण्यांची चौकशी लागेल, हेही कोणी सांगितलं नाही. सायकलवाल्याचं त्यांनी आत सांगितलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी अजून घाबरलेलाच आहे. भीतीची जागा तेवढी बदलली आहे.

जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला. धरून चालायची सवय नसल्यामुळे त्यांची बोटं फार रुतत होती.

अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, “तिकडून इथे यायला गाडीला किती वेळ लागतो?”

मी म्हटलं, “पाच तास.”

“ड्रायव्हर बरा असतो का त्या गाडीला?”

“मला माहीत नाही, बाबा.”

“चौकशी कर,” म्हणाले, आणि पुढची पायरी पायाने चाचपली.

चौकशी मी उद्या करतो. तू दिवसाच्या गाडीने ये. आम्ही दोघं स्टँडवर उभे असू. उतरलीस की तूच आधी हाक मार, आणि जवळ येऊन मार. ते हात करतील म्हणून वाट बघत लांब उभी राहू नकोस.

तेव्हा मधल्या खोलीत गप्प राहिलेला,
तुझा धाकटा