यादीतली सातवी ओळ

ता. ३, सोमवार
दादाने त्याच्या नावेच्या उरलेल्या कामांची केलेली यादी कोऱ्या कागदावर उतरवली. मूळ कागदावर सरसाचे डाग, अक्षर शेवटच्या महिन्यातले — हात थरथरायचा. अठरा ओळी. सातवीत 'बुच लावणे' होते. मी 'बूच' केले. नववीत शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकू देत नाही!

वहिनी म्हणाली, "भावजी, दोन वर्षं घालवली त्यांनी तिच्यात. एकदा तरंगताना बघू द्या मला. मग तुम्हीच वापरा."

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. मला अजून काहीच वाटत नाही.

ता. ८
डब्यात दोन बुचे निघाली. नावेच्या दोन होड्यांपैकी डावीच्या मागे, तळाशी भोक आहे — काठावर आल्यावर आतले पाणी सोडायला. एक तिथे घट्ट बसवले. उजवी होडी भिंतीला टेकलेली, तिचे मागचे टोक दिसत नाही. उरलेले बूच जास्तीचे, डब्यात ठेवले. सातवीवर खूण केली.

ता. ९, रविवार
नाव तळ्यात घातली. दोन अरुंद होड्या, मध्ये फळी, वर शीड. मी यादी तिसऱ्यांदा वाचत होतो. तळ्यावरचा नावाडी म्हणाला, "कागद वाचून पुढे जात नाही ती. बस आता!"

शीड भरले. नाव सरळ गेली. वहिनी काठावरून ओढणी हलवत होती. आनंद व्हायला हवा होता.

मग उजवी होडी जड झाली. नाव कलली. नावाड्याने आपल्या होडीला दोरी बांधून ओढत आणली. "जुळी नाव म्हणजे दोन सवती! एक फुगली की दुसरी नाक वर करते."

वहिनी हसली नाही. "सांधा सुटला असणार. शेवटी त्यांचा हात कुठे स्थिर राहिला होता?"

ता. १०
बूट वाळत नाहीत.

ता. १२
वहिनी म्हणाली, "मोडून टाकू. त्यांचं बिघडलेलं काम चारचौघांनी बघायला नको." शनिवारी सुतार येईल. मी 'बरं' म्हणालो. एवढेच.

ता. १५, शनिवार
सुताराने नाव उलटी केली. "सांधे पोलादासारखे आहेत. पण उजवीतलं हे दुसरं भोक उघडं का?"

मूळ यादी खिडकीशी धरली. सरसाच्या डागाखाली मात्रा आहे. दादाने 'बुचे' लिहिले होते. फूल, फुले. मूल, मुले. बूच, बुचे. त्याचे बरोबर होते.

करवत बाहेर निघाली आहे. यादी दाखवायला वहिनीला हाक मारली.