लिंबापर्यंतचं गवत

ब्राह्मणपुरी,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

म्हसावदचे आमचे एकुलते एक साडूभाऊ नवनीतराव यांस दोधूचा रामराम.

तुमची कंबर आता कशी आहे? आमच्या धाकट्या मेहुणीचा खोकला, पपईचा बाग आणि नातवाचे दात, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सौ. दगूबाईचा गुडघा सोडला तर सारे खुशाल. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि तुमच्या ओट्यावर कायम माणसं. म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवल्यावर जोडावर माझी सही करणार आहे. ती मोडलेली दिसली तर पोस्टमनला आधी चहा पाजा, मग विचारा.

विषय गव्हाचा आहे. विहिरीजवळचा आमचा बेण्याचा तुकडा तुम्हाला ठाऊकच आहे. वडिलांपासून गावातली नऊ घरं पेरणीला तिथलाच गहू नेतात, पायलीला पायली बदलून. (चिठ्ठी नाही, चपाटी नाही. दोधूच्या घरच्या बेण्यात भेसळ नसते, एवढाच करार.) त्या तुकड्यात यंदा गुल्लीदांडा माजला आहे. हे गवत लहान असताना हुबेहूब गव्हासारखं दिसतं, फक्त बुडाशी मोडलं तर लालसर निघतं. ही खूण मला कळेपर्यंत मी स्वतःच्या हाताने दोन वाफे निंदून मोकळा झालो होतो, आणि त्यात गहू उपटून गवत राखलं होतं. (तेच जास्त तजेलदार दिसत होतं. धाकटीला सांगू नका.) आता ओंब्यांच्या वर त्याची बोटाएवढी कणसं डुलताहेत. त्यांचं बी पिकून गव्हात मिसळलं, की पुढच्या साली नऊ शेतांत दोधूच्या नावाने गवत उगवणार. वडिलांनी कमावलेलं नाव मी गवतात घालवणार, या विचाराने तोंडाची चवच गेली आहे.

आता गवत काही आभाळातून पडत नाही. कोणीतरी ते आणलं आहे, आणि मी शोध लावतो आहे.

पहिला संशय बांधाशेजारच्या नवलसिंगवर. दोनदा तो सकाळी माझ्या तुकड्यात वाकलेला दिसला. मी खाकरलो तेव्हा हातातलं काहीतरी त्याने पाठीमागे लपवलं. चांगल्या कामाला आलेला माणूस हात कशाला लपवील? (तसा तोही त्या नऊ घरांतलाच, पण घरचाच भेदी लंका जाळतो.) त्याची ट्रॉली आमच्या उकिरड्याला घासून जाते, खत भरून नेईल म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी उकिरड्यावर शेणच ठेवत नाही. दगूबाई रोजचं ताजं शेण घमेल्यात भरून थेट तुकड्यात टाकते. चोराला संधी म्हणून द्यायची नाही.

दुसरा शहाद्याचा औषधवाला वाहिद. मी तणाचं औषध मागितलं तर म्हणतो, "आप्पा, हाई रुंद पानना तणले शे. गवतले काहीच व्हवाव नही." गवताचं औषध वेगळं, ते पेरल्यापासून महिना-सवा महिन्याच्या आत मारायचं, असंही बजावलं. आणि ती बाटली महागाची निघाली! मी काय आज जन्मलो? मागितली होती तीच बाटली घेऊन आलो. तिने रुंद पानांचा चंदनबटवा असा साफ केला की गवताला रान मोकळं झालं. तेव्हा वाहिदने बाटलीत काही मिसळलं असावं.

तिसरी धनुबाई, आमच्याकडे निंदायला यायची ती. निंदलेल्या गवताचा भारा संध्याकाळी निंदणाऱ्या बाईने आपल्या शेळ्यांना न्यायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. गेल्या साली नाल्याकडच्या शेतात कणसाला आलेला गुल्लीदांडा निंदताना तिचा भारा मला जरा जास्तच जड वाटला. आत गहू असणार! मी तिथल्या तिथे रिवाज बंद केला, सगळं गवत घरी आणून वाळवलं आणि उन्हाळाभर आमच्या म्हशीला घातलं. धनुबाई त्या दिवसापासून आली नाही. डूख धरणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

उरलं बेणं. ते यंदा तुमच्या घरून आलं. मी काही म्हणत नाही. नुसतं विचारतो की पोतं भरताना तुम्ही स्वतः हजर होता का? साडू म्हणजे घरचा माणूस, म्हणूनच विचारलं.

आपला,
दोधू

ता. क. तुमच्या पोत्यातला शिल्लक गहू परातीत घेऊन चष्म्याने दाणा दाणा पाहिला. गवताचं एकही बी नाही. वरचा शेवटचा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी दगूबाईने पत्र वाचलं आणि मला हाताला धरून तुकड्यात नेलं. गवत फाटकापासून मधल्या लिंबापर्यंत आहे. लिंबाच्या पलीकडे काडी नाही. ती म्हणाली, "मन्हा गुडघा लिंबपावतच जास. शेणनं घमेलं घिसन मी तठपावतच जाऊ. आते समजनं का, कोनी पेरं ते?" नवनीतराव, म्हशीच्या पोटातून ते बी जसंच्या तसं आलं होतं. उकिरड्यात कुजलं असतं, तर तिथेच मेलं असतं. मी लिंबाखाली बसून राहिलो. फार लाज वाटली.

ता. क. तिसरा. नऊही घरी जाऊन मीच सांगून आलो. नवलसिंग म्हणाला, तो रोज थोडं गवत उपटून नेत होता, मला कळलं तर वाईट वाटेल म्हणून लपवत होता. मग धनुबाईकडे गेलो. तिने निंदायला यायचं कबूल केलं, पण अट घातली: "भारा तुम्हीच डोकावर लई चाला, आप्पा. मंग देखा त्यामा कितला गहू शे." काल तिने निंदलेला भारा मी भर गावातून नेला. तिच्या दारात सोडून काडी काडी पाहिली. गहू एकही नव्हता. तिला शेत नाही, शेळ्या आहेत. ते बी तिच्या अंगणात पडलं तरी कोणाचं पीक बिघडत नाही. वडिलांनी तो रिवाज का पाळला, हे मला या वयात कळलं.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं यासाठीच. या वर्षी माझ्या तुकड्यातला गहू बेण्याला चालणार नाही. नऊ घरांना पुरेल एवढा तुमचा गहू आखाजीच्या सणापर्यंत राखून ठेवा. बदल्यात आमचा न्या, मात्र तो दळायचा, पेरायचा नाही. आता माझा कोणावरही संशय उरलेला नाही, तुमच्यावर तर मुळीच नाही. फक्त पोती भरायला मी स्वतः येईन. परात आणि चष्मा सोबत आणतो.