पांढऱ्या भिंतीवरचा नारिंगी

५ फेब्रुवारी, सोमवार

लाल ब्लाउजपीस खाटेवर पसरलं, एकटक पाहिलं, मग नजर उचलून पांढऱ्या भिंतीवर नेली — तिथे हिरवा डाग! अगदी फिका, पाण्यात कालवल्यासारखा. पुस्तक खरं बोलतं.

विहाराच्या वाचनालयातली बाकीची पुस्तकं वाचून झाली, म्हणून हे रंगांचं उचललं होतं. त्यात लिहिलंय, एकाच रंगाकडे फार वेळ पाहिलं की डोळा त्या रंगाला थकतो आणि पांढऱ्यावर त्याचा उलटा रंग दाखवतो. लालाचा हिरवा. निळ्याचा नारिंगी. मंगरूळपीरहून रंगाची पेटीही आणली आहे. हे गेल्यापासून दुपार संपत नाही.

७ फेब्रुवारी

ह्यांची खुर्ची काढायला घेतली. रिकामीच. लाकडाचा तपकिरी जमेना. समोरची कौसर आली, शिलाईकाम करते ती. कागद पाहून म्हणाली, "काकू, मी धागा जुळवाचा तर दारात नेऊन पाह्यतो. बल्बात सगळेच रंग झूट बोलतात." दारात नेला तर माझी खुर्ची वांग्याच्या रंगाची! दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

८ फेब्रुवारी

दारं-खिडक्या उघडून पुन्हा बसले. खुर्ची निरखून निरखून डोळे दुखले, सहज भिंतीकडे पाहिलं. नारिंगी डाग.

पुस्तकातलं रंगांचं चक्र उघडलं. तपकिरीचा निळसर यायला हवा. नारिंगी येतो तो निळ्याचा. खुर्चीत निळं काहीच नाही.

आणि डाग खुर्चीच्या आकाराचा नव्हता. वर रुंद होता. खांद्यांसारखा.

९ फेब्रुवारी

खोलीतलं निळं निळं सगळं अंगणात काढलं — बादली, चादर, कॅलेंडरसुद्धा. मग बसले. तरी नारिंगीच.

१२ फेब्रुवारी

राहवलं नाही. कौसरला बोलावून बसवलं, खुर्चीकडे बघ म्हटलं, मग भिंतीकडे. तिला निळसर दिसला. चक्राप्रमाणे, बरोबर.

"तुमाले मोतीबिंदू आला असन, लिलाकाकू. नाही तं काका आले असतीन चहा प्याले," म्हणाली. हसता हसता तिचं तिलाच कसंसं झालं. जाताना खुर्चीला वळसा घालून गेली.

१३ फेब्रुवारी

भिंतीवरचा रंग कागदावर धरता येत नाही. पापणी लवली की सरकतो, विरतो. मग सुचलं — नारिंगी कशाला काढायचा? ज्याचा तो येतो, तो निळाच काढावा. निळा कालवायचा, त्याच्याकडे टक लावायची, भिंतीवर काय उमटतं ते खुर्चीच्या डागाशी ताडून पाहायचं.

पहिल्या निळ्याने पिवळा दिला. किंचित हिरवा घातला, तर नारिंगी आला पण भडक. पांढरा घातला, आणखी घातला. दुपार कलताना दोन्ही डाग एक झाले.

कागद दारात नेला. धुऊन धुऊन विटलेला निळा. ह्यांचा शर्ट! तो चितेवर त्यांच्या अंगावरच गेला. त्याचा रंग मी विसरून गेले होते. कितीदा आठवून पाहिला होता.

१८ फेब्रुवारी, रविवार

संघदीप कारंज्याहून आला. दर वेळचंच — चल माझ्यासोबत, घराला कुलूप लावू. "तू इथं एकटी काय करून राह्यली आई?"

एकटी नाही, हे पोराला कसं सांगायचं? दवाखान्यात हे मला पाणी आणायलाही जाऊ देत नव्हते. पदर धरून ठेवायचे. आता कुलपाआड ठेवून जाऊ?

चित्र त्याने उचललं. खुर्ची आणि तिच्यात निळा रंग, बाकी काही नाही. कितीतरी वेळ धरून उभा राहिला.

"हा बाबाचा शर्ट आहे न? मंग चेहरा काहून नाही काढला?"

म्हटलं, चेहऱ्याचा रंग अजून भिंतीवर आला नाही.

त्याने चित्र पालथं ठेवलं. जेवलाही थोडंच. जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, आता विचारणार नाही.

२१ फेब्रुवारी

आज डाग उंच. बसलेला नाही. उभा आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. पोराच्या डोळ्यांत त्या दिवशी जी भीती पाहिली ती माझ्यापायी होती. जिवंत माणसाला असं भिववू नये. खुर्चीसमोर उभी राहून सांगितलं — जाते मी, रागावू नका.

मग सवयीने बसले, पाहिलं, नजर भिंतीवर नेली. निळसर! खुर्चीच्या आकाराचा. पुस्तकात लिहिलंय तसा, कौसरला दिसला तसा.

असंच व्हायला हवं होतं. रडू आवरेना.

२५ फेब्रुवारी, रविवार

सामान बांधून झालं. गुलाबी साडी नेसले, संघदीपला आवडते. निघण्याआधी एकदा शेवटचं म्हणून खुर्चीकडे टक लावली. मग भिंत.

नारिंगी परत आला आहे. आणि त्याला खेटून आणखी एक डाग — बुटका, हिरवा.

हिरवा येतो तो लाल-गुलाबीचा. लुगडं-चोळी, ओढणी, गुलाबी काही म्हणून समोर नाही. गुलाबी फक्त माझ्या अंगावर.

संघदीप बाहेर हॉर्न वाजवतोय. तो कोणाला घेऊन जाणार आहे?