हसणारी पलटण

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून वर्सोव्यात नवी नोकरी. झकास! खिडकीतून खाडी, होड्या, वाळत घातलेले बोंबील. मालक दत्ताराम राणे. सिक्युरिटी एजन्सी चालवली, लष्कराची पायरीही चढले नाहीत, तरी दारावर पाटी ‘कर्नल’! त्यांच्याकडच्या जुन्या युरोपियन चित्रांची यादी करायची, कागद स्वच्छ करायचे, हे माझं काम. हॉलमध्ये मानाच्या जागी तीनशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र आहे. एक लष्करी अधिकारी. केसांचा टोप मेंढीएवढा, पोट नगाऱ्यासारखं, तलवार टाचणीएवढी. चित्रकाराने त्याची यथेच्छ टर उडवलीये. राणे मात्र त्याला ‘शूर सेनानी’ म्हणतात. मी तोंडावरच हसले.

५ फेब्रुवारी
राणे रोज सकाळी चित्राला सॅल्यूट ठोकतात, पोट आत घेऊन. तेही जमत नाही. दोन ढोल समोरासमोर! स्वयंपाकाच्या मंजुळामावशी कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या, “हसू नको गं बाय त्या चित्रातल्या सायबाला. तुझ्याआधीचा सर्वेशपण हसायचा.” मग काय झालं, विचारलं तर सोललेली कोलंबी धुवायला घेतली. अडाणी बाई.

७ फेब्रुवारी
उजव्या हातावर बारीक काळ्या रेषा. शाई असावी. साबणाने जात नाही.
चित्रात मागे शिपायांची रांग आहे, मुंग्यांएवढी. सगळ्यांची तोंडं उघडी. ‘शिपाईही साहेबाला हसत आहेत,’ असं यादीत लिहिलं.

१० फेब्रुवारी
भिंगातून पाहिलं. हसत नाहीयेत. किंचाळतायत. शेवटच्याच्या मनगटावर घड्याळ — डिजिटल.
मावशींना सांगितलं. घड्याळ सर्वेशचं, एवढंच बोलल्या आणि गॅस बंद करून निघून गेल्या.
राण्यांना म्हटलं, चित्र उतरवा. ते शांतपणे म्हणाले, “ऋतिका, ही टिंगल आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चित्रातल्या साहेबालाही आहे. म्हणून तर तुझ्यासारखी, त्याला हसणारी हुशार माणसं बोलावतो. त्याला फौज लागते. मी सॅल्यूट करतो, म्हणून चित्राबाहेर आहे.”

११ फेब्रुवारी, दुपार
रेषा खांद्यापर्यंत. आधी उभ्या, आता आडव्याही. चित्रात सावलीसाठी कोरलेली असते तशी जाळी. चिमटा काढला तर दुखत नाही — कागदासारखा आवाज येतो.
दार उघडं आहे. पाय उचलत नाहीत.
सॅल्यूट केला. तीनदा. राणे हसले — मी त्यांना हसायचे, अगदी तसंच.
साहेब, चुकले. खरंच चुकले. माफ — मी परत कधी —
रेषा गळ्यापर्यंत आल्या.
तोंड — मिटत ना