बाकल्याच्या फुलांचा धसका

सान्ता मित्झा,
मंगळवार, १६ एप्रिल

प्रिय रायमोंदो,

तुला, पिनुच्चाला आणि तुमच्या जॉर्जाला माझे आशीर्वाद. तीन वर्षं बोलत नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून बेकरीतल्या मारियांजेलाच्या हाती ही चिठ्ठी. फाडू नकोस, आधी वाच.

मेंढ्या व्यायल्या. बाबांचा गुडघा पुन्हा धरलाय. माझा एलिया दवाखान्यात आहे. नाकाला नळी लावलीय, पण आज थोडं सूप प्यायला.

तीन वर्षांपूर्वी तुझा शेताचा वाटा तू लोच्चीला कसायला दिलास, त्याने माझ्या खिडकीखाली वालासारख्या शेंगांचा बाकला पेरला आणि मी भर चौकात ओरडले, "सख्ख्या भाच्याच्या जिवावर उठलास!" अरे, लहानपणी त्या शेंगा खाऊन तूच हळदीसारखा पिवळा पडला होतास. आईकडून आलेला आपल्या रक्तातला दोष तो. आपल्याकडे तर फुलांच्या वासालाही माणसं भितात. दर वसंतात एलियाला धाप लागायची, मला दुसरं काही सुचलंच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेंगा देत नाही ते बरंच करता, त्याच्या रक्तात ते एन्झाइम कमीच आहे. पण ही धाप दम्याची आहे, बाई."

"म्हणजे रक्ताचा काही संबंध नाही?"

"असेलही. अशांच्या श्वासनळ्या लवकर आवळतात का, याचा अभ्यास चाललाय. ते राहू द्या. त्याचा पंप कुठेय?"

दवाखान्यातून आधीच दिलेला पंप कपाटात होता, रायमोंदो. मीच कुलपात ठेवला होता. म्हटलं, दम्याबिम्याची थेरं नकोत. वास येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि गारठा म्हणून आत चूल पेटवली. त्या धुरात माझं लेकरू निळं पडलं. मी केलं हे, लोच्चीच्या शेतानं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गेल्या महिन्यात बाजारात पिनुच्चा भेटली. तुझ्यापासून लपवून बोललो. म्हणाली, जॉर्जा सारखी खोकते, छातीत शिट्टी वाजते. बापाचा हा दोष मुलीत उतरतोच, मग मी शहाणी कसली गप्प बसते! सांगितलं, खिडक्या लाव, चूल पेटती ठेव, औषधांच्या नादी लागू नकोस. बिचारी मान डोलावून गेली.

आत्ताच्या आत्ता खिडक्या उघड, चूल विझव आणि पोरीला घेऊन ये. बाई संध्याकाळी सातपर्यंत आहेत. मला काय बोलायचं ते दवाखान्याच्या दारात बोल, मी तिथेच उभी आहे.

तुझीच, तोंड दाखवायची लाज वाटणारी ताई,
बोनारिया