चारवर अडणारं घड्याळ

आई, मला आता घड्याळांचं वेड लागलंय. जुनी, चावीची, मनगटावर बांधायची, आणि तीही पुरुषांची. रोह्याच्या बाजारपेठेत, पेणला स्टँडजवळच्या टपरीत, गडबला हायवेवरच्या दुकानात, कुठेही दुरुस्तीवाल्याची पेटी दिसली की माझे पाय थांबतात. महागाकडे मी बघतही नाही. काच तडकलेलं, पट्टा नसलेलं, कुणी टाकून दिलेलं घ्यायचं, साफ करवून आणायचं आणि डब्यात ठेवायचं. तुझे जावई म्हणतात, "एवढी घड्याळं घरात, तरी आमचं जेवण उशिराच." हसू देत. मला एका जागी बसवत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी शोधतेय बाबांचं घड्याळ. पांढऱ्या तबकडीचं, स्टीलचं. त्या काळी त्यांच्या कंपनीत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात तसंच होतं. पण बाबांच्या घड्याळाची काच सैल झाली, कंपनीतला वाफारा आत शिरला आणि चारचा आकडा पार उडाला. घड्याळवाला म्हणाला, तबकडी बदलू. तू म्हणालीस, "बदलायची कशाला? काच काढून द्या, मी आखते." तू तेव्हा हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचीस. डोळे आखताना तुझ्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती, मालकाचीसुद्धा. ती दुपार मला अजून दिसते. डोळ्यांवाचूनचे गणपती ओळीने उभे आहेत आणि तू फळीवर बसून, श्वास रोखून, त्या एवढ्याशा तबकडीवर कुंचला टेकवतेस. चार उमटतो. मान तिरकी करून तू बघतेस आणि सवयीने त्यावर दुसरा हात देतेस, कारण कारखान्यात दुसऱ्या हाताशिवाय रंग उठत नाही.

तोच दुसरा हात नडला. रंग जाड झाला आणि तासकाटा त्याला अडायला लागला. रोज चारच्या सुमारास घड्याळ बंद! बाबांनी भीत भीत सांगितलं, तर तू उसळलीस. "देवाचे डोळे आखणारा हात हाय ह्यो. तुमच्या घड्याळाला सांगा नीट चालायला." घड्याळवाला रंग खरवडायला तयार होता, पण बाबांनी हात लावू दिला नाही. काटा अडला की ते कळ ओढून तो पुढे काढून द्यायचे आणि मला म्हणायचे, "आयशीला सांग गो, चा ठेव. घड्याळ थांबलंय." तू फणकारायचीस आणि चहा ठेवायचीस. तुम्हा दोघांचं प्रेम मी एवढंच पाहिलं. मला ते पुरलं.

तू गेलीस, मग बाबा. दादाने ते घड्याळ दुकानात देऊन सेलवर चालणारं नवं घेतलं. बिचाऱ्याचं काय चुकलं, अडणारं घड्याळ ठेवतंय कोण? तेव्हापासून मी तो जाड चार शोधत फिरते, आणि रिकाम्या हाताने परतवत नाही म्हणून तसलंच दुसरं एखादं घेऊन येते.

हे असं कुणाला सांगायची लाज वाटायची. गेल्या महिन्यात रोह्यातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याला मात्र सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ताई, असं घड्याळ आलं की आमी पयला रंग खरवडतो नि वरून बारीक आकडा काढतो. गिऱ्हाईकाला कळत पण नाय." मी त्याच्या पायरीवरच बसले. असा राग आला की कुणावर काढावा ते कळेना. इतकी वर्षं मी नसलेल्या खुणेमागे धावत होते. घरी येऊन डबा उघडला, आणि एकेक घड्याळ काढून ओळीने मांडलं. म्हणजे यातलं कुठलंही तुमचं असू शकतं, कदाचित कधीच घरी आलेलं असेल.

निघताना तो हेही म्हणाला होता, "खरवडलं तरी कडेला रंगाचा कण राहतोच. डबा घेऊन या, भिंगातून बघून सांगतो." तेव्हापासून दर रविवारी डबा पिशवीत घालून मी निघते, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचते आणि भाजी घेऊन परत येते. मला भीती वाटते, आई. "ह्यात नाय" असं तो म्हणाला, तर मी करू काय? आज तर दुकानापर्यंत गेले. त्याने आतून हाकही मारली, "या ताई, बसा." घरी मी सांगितलंय, दुकान बंद होतं.