मध तुला, एरंडेल मला

ति. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांगातली निम्मी अंगं हल्ली जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा कंबरेपर्यंत पोहोचला तेवढा स्वीकार.) पत्रास कारण की, पण कारण मागून सांगतो. तुझी साखर किती आहे, भावोजींचं कानातलं यंत्र तू बोलायला लागलीस की अजून बंद पडतं का, नातीचे पुढचे दात आले का, हे सगळं मला ठाऊक आहे. तुझी भावजय दर गुरुवारी तुला फोन करते तेव्हा मी शेजारी कापड बेतत असल्याचं नाटक करत ऐकतो. तरी विचारलं. पत्राची रीत आहे.

दीड वर्षाने लिहितोय. आईचं चाटण घेतल्यावर दहा मिनिटं बोलायचं नाही, असं आपल्या घरचं पथ्य होतं. तू ते दीड वर्ष पाळलंस. आई असती तर माझ्याकडे बघून म्हणाली असती, "शीक काहीतरी तिच्याकडून."

तर खोकला. महिन्यामागे मला खोकला झाला. तसा साधाच, पण शिंप्याचा खोकला साधा राहत नाही. तोंडात चार टाचण्या धरून मी एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलो होतो, पँटची उंची धरत. उबळ आली. तीन टाचण्या जमिनीवर सापडल्या, चौथी गिऱ्हाइकाला सापडली. त्याच दिवशी तुझ्या भावजयीने टाचण्यांची डबी उचलून कुलपात टाकली. म्हणाली, "आधी खोकला थांबवा, नाहीतर दुकान थांबवा." गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या, वाफा झाल्या. समोरच्या न्हाव्याने सांगितलेलं काहीतरी झालं, ते लिहीत नाही. आणि मग मशीनवर बसल्या बसल्या मला आईचं चाटण आठवलं.

तुला आठवतंय ना ते? अंगुस्तानभर मध, चिमटीभर हळद. (अंगुस्तान म्हणजे सुई बोटात घुसू नये म्हणून घालतात ती टोपी, हे नातीला सांग. तिला वाटेल, आजीकडे चमचे नव्हते.) आई ते करंगळीने घोटायची, रंग उन्हात ठेवलेल्या पितळेसारखा झाला की जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "गीळ. आता दहा मिनिटं गप्प." मला आता कळतं, औषध त्या चाटणात जेवढं होतं तेवढंच त्या दहा मिनिटांत होतं. घशाला मिळो न मिळो, आईच्या कानांना आराम मिळायचा. मी तर खोकला नसतानाही खोकायचो. तू दाराआडून माझी नक्कल करायचीस आणि आई तुझ्याकडे न बघता म्हणायची, "तुझा खोकला त्याच्यापेक्षा चांगला जमलाय, पण तुला मिळणार नाही." हळदीचं तर विचारूच नकोस. सुई टोचली की हळद, गुडघा फुटला की हळद. पांढरं कापड बेतायच्या दिवशी आपण पडायचं नाही, असा नियम होता.

माझ्या या खोकण्यामुळेच आईने ती बाटल्यांची युक्ती काढली. दोन सारख्या तपकिरी बाटल्या. एकीवर "मध" अशी चिठ्ठी, ती स्वयंपाकघरात, माझा हात पोहोचेल अशा फळीवर. दुसरीवर "मशीनचे तेल", ती मशीनच्या खणात. मी सहा वर्षांचा असताना "मध" लिहिलेली बाटली तोंडाला लावली आणि दोन मोठे घोट घेतले. आत एरंडेल होतं. तो दिवस मी कुठे काढला ते तुला आठवत असेलच, बाहेर बादली घेऊन तूच उभी होतीस. खरा मध तेलाच्या बाटलीत असायचा आणि खरं तेल चोचीच्या डबीत. हे फक्त आईला आणि तुला माहीत. पुढच्या वर्षी मला खराच खोकला झाला, आई कपडे पोचवायला गेली होती आणि तू घाबरून खणातली बाटली काढलीस, मला चाटण दिलंस. मी चिठ्ठी वाचली. (नुकताच वाचायला शिकलो होतो. शिकवलं होतंस तूच, भोग.) "ताईने मला मशीनचं तेल पाजलं" असं ओरडत मी गल्लीभर फिरलो. तू मागून धावत होतीस आणि ओरडत होतीस, "अरे गाढवा, गोड लागलं ना!"

मग आई गेल्यावर सामान वाटायचा दिवस. मशीन माझ्याकडे आलं, स्वयंपाकघर तुझ्याकडे. तू एवढंच म्हणालीस, "अरे बॉबिन, खणातली ती बाटली मला दे." आणि मी, साठीला टेकलेला माणूस, म्हणालो, "मशीन म्हणजे खणासकट." का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. कात्री एकदा कापडाला लागली की मधेच थांबवता येत नाही, तसं काहीतरी झालं. तू फळीवरची "मध" लिहिलेली बाटली उचलून पिशवीत टाकलीस आणि म्हणालीस, "बरं. मध तुला, एरंडेल मला. झकास वाटणी झाली." त्यानंतर तुझा आवाज मी फक्त गुरुवारी ऐकतो, तोही दुसऱ्याच्या फोनमधून सांडलेला.

बाटली हट्टाने घेतली, पण उघडायचा धीर दीड वर्ष झाला नाही. या खोकल्याने तो दिला. खण ओढला, बाटली काढली, आईच्या अंगुस्तानात ओतली. मध पातळ झाला होता. मी म्हटलं, वय झालं की पातळ व्हायचाच. हळद घातली, करंगळीने घोटलं, जिभेवर ठेवलं. ताई, काय सांगू! इतकं सुळकन उतरलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई दिसली, तिचा पाय मशीनच्या पायट्यावर दिसला. (नाक पंधरा दिवस बंद होतं हे लक्षात घे.) मी तुझ्या भावजयीला हाक मारली, म्हटलं, "ये, आईच्या हातची चव बघ." तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सासूबाईंच्या हातची नाही, मशीनची आहे. हे तेल आहे."

मी वाद घातला. एक अंगुस्तान आणखी घेऊन दाखवणार होतो, पण तेवढ्यात समोरच्या दवाखान्याची डॉक्टरीणबाई तणतणत दुकानात आली. मी शिवून दिलेल्या तिच्या नव्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर माझा पिवळा अंगठा उमटला होता, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. आधीपासूनच मी घशाला बाहेरून हळद थापत होतो, त्याचा तो प्रसाद. ती बोलायला लागली आणि मी खोकलो. तिने कोट बाजूला ठेवला, माझं तोंड उघडायला लावलं आणि वास घेऊन विचारलं, "काका, तुम्ही जेवता काय?" सगळं ऐकल्यावर तिने छाती तपासली, म्हणाली, एवढ्याशा तेलाने काही होणार नाही, पण छातीत दुखलं किंवा ताप आला तर लगेच यायचं. चाटणच हवं असेल तर मध दुकानातून आणा, खणातल्या बाटल्यांतून नको. दुसरा कोट फुकट शिवून द्यायचं ठरलं.

बाटली नंतर मी उजेडात धरली. आत तेलच. ताई, मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणजे बघ, कधीतरी तू नोकरीला गेलीस, मला मिशा फुटल्या, चोचीची डबी गंजली, आणि एका दुपारी आईने तेलाच्या बाटलीत तेल भरलं. आता ज्याच्यापासून लपवावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. आपलं लहानपण त्या दुपारी संपलं आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही. आणि दीड वर्ष आपण भांडलो ते निव्वळ मशीनच्या तेलावरून. म्हणजे भांडलो मी. तू फक्त मागितलं होतंस.

भावोजींना नमस्कार, नातीला गोड पापा. पत्रातल्या चुका नेहमीसारख्या लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्यास तरी चालेल, तेवढंच तुझं अक्षर येईल.

तुझा,
बॉबिन

ता. क. खोकल्याची काळजी करू नकोस. दुकानातल्या मधाने, नाहीतर आपोआप, तो परवाच गेला. आज सकाळी टाचण्या परत मिळाल्या. खोकल्याचं कारण काढून लिहिलं, एवढंच. लहानपणची सवय.

ता. क. २. हे लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली. आईने एका बाटलीची चिठ्ठी खरी केली, तर दुसरीची खोटी ठेवली असेल का? ती अर्धवट काम सोडणारी नव्हती. तुझ्याकडची ती "मध" लिहिलेली बाटली, जी तू एरंडेल समजून कुठेतरी टाकली असशील, ती शोध. टाकून दिली नसशील तर आधी फक्त वास घे. मध खराब होत नाही म्हणतात.

ता. क. ३. मध निघाला तर एकटीने चाखू नकोस. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. हळद माझ्याकडची, अंगुस्तान आईचं. दहा मिनिटं गप्प बसू. त्यापेक्षा जास्त नाही.